थंड हात आणि लाल पट्टी

"उतरलं! एकशे ब्याऐंशीचं एकशे साठ!"

पडद्याआडून अशी आरोळी आली की जिन्यापर्यंत दाटलेली माणसं टाळ्या वाजवायची. फर्निचरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावरचा हॉल. बाहेर टळटळीत ऊन, आत दोन पंखे आणि त्या पंख्यांना न जुमानणारी गर्दी. जिना चढून धापा टाकत आलेला माणूस घाम पुसायच्या आत रांगेत ढकलला जात होता, आणि रांगेच्या टोकाला एक बारकासा इसम प्रत्येकाच्या दंडाला पट्टा बांधून ब्लड प्रेशर मोजत होता. त्याला सगळे मापाडी म्हणत. आकडा फार वर निघाला की मापाडी त्या माणसाच्या मनगटावर लाल फीत बांधायचा आणि पडद्याकडे बोट दाखवायचा.

पडद्याआड होते थंडहात महाराज. हे नाव लोकांनीच पाडलेलं. महाराज माणसाला खुर्चीवर बसवायचे, मागे उभे राहून मानेवर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि ओठ हलवायचे. ताईत नाही, राख नाही, मंतरलेलं पाणी नाही. थोड्या वेळानं मापाडी आत येऊन पुन्हा मोजायचा. की आलीच आरोळी.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका!" महाराज मधूनच पडदा सारून गर्दीला सांगायचे. "मी कोण? कुणीच नाही! यंत्रावर विश्वास ठेवा. यंत्राला भक्ती कळत नाही, यंत्राला लाच चालत नाही. शरीर म्हणजे वीज, वीज म्हणजे लहर, लहर म्हणजे आकडा आणि आकडा म्हणजे सत्य!"

मी तोंड दाबून धरलं. माझं आयुष्य आकडे शिकवण्यात गेलं. आकडा म्हणजे सत्य असं मला कुणी परीक्षेत लिहून दिलं असतं तर मी त्याला भोपळा दिला असता. पण शेजारी माझी ताई उभी होती, मनगटावर लाल फीत, डोळ्यांत पाणी. तिनेच मला हाताला धरून इथे आणलं होतं.

"बघितलंस?" आत जाऊन आल्यावर ती म्हणाली. "माझं एकशे शहात्तर होतं. आता एकशे अठ्ठावन्न. आता बोल."

"ताई, एकशे अठ्ठावन्न हे काही कमी नव्हे."

"तुला ना, चांगलं काही बघवतच नाही!"

ताईच्या घरी मी दर उन्हाळ्यात राहायला येते. इथल्या विद्यापीठात समाजशास्त्राच्या संशोधकांसाठी एक प्रशिक्षण चालतं. माणसांच्या गोष्टी आकड्यांत कशा मांडायच्या, सर्वेक्षण कसं करायचं, संगणकावर हिशेब कसा लावायचा, हे तिथे शिकवतात आणि ते शिकवायला मी येते. या खेपेला आले आणि पहिल्याच संध्याकाळी भाऊजींनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"तिनं गोळ्या बंद केल्यात," ते हळूच म्हणाले. "दोन महिने झाले. माझं ऐकत नाही. तू सांगून बघ."

आमच्या आईला असाच रक्तदाबाचा त्रास होता. तिनेही गोळ्या मध्येच सोडल्या, आणि एक दिवस तिची उजवी बाजू गेली. पुढची तीन वर्षं तिला भरवायला, उठवायला ताईच होती. मी दूर नोकरीत. आणि आता त्याच ताईनं गोळ्यांची पाकिटं कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून दिली होती.

मी बोलले. भांडले. ताई पोस्टाच्या खिडकीत तीस-बत्तीस वर्षं बसलेली बाई, तिच्याशी वाद घालून कुणी जिंकलंय का? "तुझ्या पुस्तकात लिहिलेलं नाही म्हणून खोटं का?" ती म्हणाली. "सहा वेळा गेले, सहाही वेळा उतरलं. एकदा नव्हे, सहा वेळा! आणि गोळ्यांनी माझे पाय सुजायचे, ते नाही का बघत कुणी?"

खरं सांगते, मला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. मला बोट ठेवायला जागा सापडत नव्हती. महाराज ढोंगी आहेत याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण ढोंग नेमकं कुठे आहे?

प्रशिक्षणात तोवर निराळंच चाललं होतं. संगणकाच्या खोलीत वीसेक संशोधक दिवसभर आपापली माहिती दळत बसलेले. आमच्या त्या संगणकाच्या प्रोग्रॅमला एक खोड आहे. निकाल नुसता योगायोग वाटला नाही की तो आकड्याशेजारी चांदणी छापतो. एक, दोन किंवा फार तर तीन. आणि संशोधक म्हणजे चांदण्यांसाठी हपापलेली जात. महिनाभर खपून कुणाच्या आकड्याशेजारी एकसुद्धा चांदणी उगवली नव्हती. चेहरे बघवत नव्हते.

"आपण त्या थंडहात महाराजांचा अभ्यास का करत नाही?" एक दिवस राज्यशास्त्राचा प्राध्यापक म्हणाला. हा गडी दिवसभर बोलायचा, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. "आधीचं माप, नंतरचं माप. तयार माहिती आहे. आपण फक्त उभं राहून टिपायचं."

संचालक सर खूश झाले. सरांना प्रत्येक गोष्ट भव्य लागते. "वा! वर्गातून थेट जीवनात! करा, करा!"

मीही हो म्हटलं. मनात म्हटलं, बरंच झालं, वीस जणांचे चाळीस डोळे आहेत, काहीतरी हाताला लागेल.

आमच्या वर्गात एक नर्सबाई होत्या. दवाखान्यातली नोकरी सांभाळून संशोधन करत होत्या. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "यंत्र तपासा. माझी खात्री आहे, ते दुसऱ्या वेळी कमीच दाखवतं."

नर्सबाईंनी आपलं यंत्र नेलं. मापाड्याच्या मापानंतर लगेच आपलं माप घेतलं. एकदा, दोनदा, दिवसभर. संध्याकाळी परत आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, यंत्र चोख आहे. माझ्याही यंत्रावर उतरतंय."

मग मी स्वतः गेले. महाराजांच्या खुर्चीमागे शाल पसरलेली होती, ती मला आल्याबरोबर खटकली होती. महाराज पाणी प्यायला बाहेर गेले तशी मी शालीचं टोक उचललं. खाली प्लॅस्टिकचा डबा, डब्यात बर्फ. एका माणसाचा नंबर संपला की महाराज शालीआड हात डब्यात बुडवायचे! मी भर गर्दीत तो डबा उचलून दाखवला.

"हा बघा तुमचा थंड हात!"

मला वाटलं, आता गलका होईल. एक आजोबा नुसते हसले. "अहो बाई, बर्फ असेना का! उतरतं ना?" आणि सगळी गर्दी माझ्यावरच उखडली. एक बाई तर म्हणाली, महाराज हाताची उष्णता बर्फाला देतात. महाराज दारातून शांतपणे म्हणाले, "बर्फ हे वाहन आहे. लहर स्वार आहे." मी डबा खाली ठेवला आणि जिना उतरले. ताईनं त्या रात्री माझं ताट झाकून ठेवलं आणि स्वतः आधीच जेवून घेतलं.

शेवटी माहिती संगणकात गेली. आधीचं माप, नंतरचं माप, प्रोग्रॅम चालवला, आणि पडद्यावर एकदम तीन चांदण्या! वर्गात अक्षरशः जल्लोष झाला. रेडिओ बाकावर चढून नाचला.

"तीन चांदण्या!" संचालक सर गदगदले. "म्हणजे हा योगायोग नाही. विज्ञानानं शिक्का मारला! समारोपाला महाराजांना बोलावू आणि विद्यापीठाचं प्रमाणपत्र देऊ."

"सर, चांदणी एवढंच सांगते की बीपी उतरलं," मी म्हणाले. "हातामुळे उतरलं असं कुठे सांगते?"

"मग कशामुळे उतरलं, सांगा ना!"

मला सांगता येईना. विद्यापीठाचं प्रमाणपत्र त्या हॉलच्या भिंतीवर लागलं असतं तर ताईला कुणाचा बापही गोळी घ्यायला लावू शकला नसता. एकट्या ताईलाच कशाला, त्या जिन्यावरच्या कुणालाच.

दुसऱ्या दिवशी ताई महाराजांकडून लवकर परतली, आणि मुळीच हिरमुसलेली नव्हती. उलट चेहरा फुललेला.

"आज आत गेलेच नाही," ती पर्स टाकत म्हणाली. "मापाड्यानं मोजलं तर एकशे बेचाळीस. म्हणाला, ताई, तुम्ही आज थंड आहात, महाराजांची गरज नाही, घरी जा. बघ, किती गुण आला!"

"म्हणजे कमी आकडेवाल्यांना आत घेतच नाहीत?"

"नाहीच मुळी. लाल पट्टीवालेच आत जातात. हे माहीत नाही तुला? आणि तुमची पोरं अभ्यास करतायत म्हणे!"

आमची पोरं! पोरांचे डोळे सगळे पडद्याच्या आत लागलेले, जिथे चमत्कार होत होता तिथे. दारावर, जिथे निवड होत होती, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं. मी चोर यंत्रात शोधला, बर्फात शोधला, आणि तो बसला होता रांगेच्या टोकाला, लाल फितीचं रीळ घेऊन.

"ताई," मी म्हटलं, "सहा वेळा उतरलं म्हणतेस. मग सहा वेळा चढलं कधी?"

"म्हणजे?"

"एकशे शहात्तरचं एकशे अठ्ठावन्न झालं. पुढच्या खेपेला पुन्हा एकशे सत्तरच्या वर होतं म्हणूनच तुला पट्टी बांधली ना? मध्ये चढलंच की."

"माणूस रागावतो, जागरण होतं. महाराज म्हणतात, संसारात उष्णता येतेच." मग तिनं पंख्याचं बटण चालू केलं आणि आत निघून गेली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच संचालकांच्या खोलीत शिरले. "सर, प्रमाणपत्र द्यायचंच असेल तर महाराजांची परीक्षा इथे, विद्यापीठात, सगळ्यांसमोर घ्या. फक्त माणसं मी ठरवीन."

"अहो पण तीन चांदण्या आल्यात ना? आता कसली शंका?"

"सर, पहिल्या आठवड्यात चाचणीत ज्यांना सगळ्यांत कमी गुण पडले त्यांना तुम्ही खोलीत बोलावून झापलं होतं. आठवतंय?"

"आठवतंय की! आणि पुढच्या चाचणीत सुधारले. रागावल्याशिवाय माणूस सुधारत नाही, हा माझा अनुभव आहे."

"आणि ज्यांना सगळ्यांत जास्त पडले त्यांना शाबासकी दिलीत. त्यांचं पुढे काय झालं?"

सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "घसरले. डोक्यात हवा गेली."

"हवाबिवा काही नाही, सर. एखाद्याचा दिवस वाईट होता म्हणून तो तळाला गेला, एखाद्याचा दिवस चांगला होता म्हणून तो वर आला. पुढच्या खेपेला दोघंही आपापल्या नेहमीच्या जागेकडे सरकले. तुम्ही रागावला नसता तरी सरकले असते. महाराजांचं तेच असेल असा माझा संशय आहे. मला तो तपासू द्या."

आपल्या रागावण्याचा एवढा अपमान त्यांनी कधी ऐकला नसावा. पण माणूस सच्चा होता. "घ्या परीक्षा," ते म्हणाले.

महाराज सहज तयार झाले. प्रमाणपत्राचं नाव काढल्यावर तयार न होऊन सांगतात कुणाला? पण कमी आकडेवाल्यांनाही हात लावायचा म्हटल्यावर कुरकुरले. "थंड माणसावर हात ठेवला की माझी शक्ती वाया जाते."

"एक दिवस वाया घालवा, महाराज," मी म्हणाले. "विज्ञानासाठी."

विद्यापीठाच्या तळमजल्यावरच्या सभागृहात माणसं जमली. महाराजांचे भक्तच होते सगळे, जिना चढायला नको म्हणून खूश. ताईही होती, पुढच्या रांगेत, मान ताठ करून. मी सगळ्यांना सांगितलं, आज काहींच्या मानेवर महाराज हात ठेवतील, काहींच्या ठेवणार नाहीत, कुणाच्या वाट्याला काय आलं ते शेवटी सांगू. ज्यांना नको त्यांनी घरी जावं. गेलं कुणीच नाही.

आधी सगळ्यांना सावलीत, पंख्याखाली निवांत बसवलं. धापा नाहीत, घाम नाही. मग नर्सबाईंनी एकेकाचं माप घेतलं आणि आकडा कुणालाच सांगितला नाही. फीत नाही, पट्टी नाही. नंतर दोन आडोसे केले. चिठ्ठ्या टाकून कोण कुठल्या आडोशात जाणार ते ठरवलं. आत गेलं की खुर्चीत बसायचं, भिंतीकडे तोंड, डोळे बंद, बोलायचं नाही. एका आडोशात महाराज, त्यांच्या बर्फाच्या डब्यासकट. दुसऱ्या आडोशात रेडिओ, आणि त्याच्या हातात वसतिगृहाच्या फ्रीजमधून आणलेला, ओल्या रुमालात गुंडाळलेला कोबीचा गड्डा.

हो, कोबी. थंड लागायला हवं होतं आणि गळायला नको होतं. वसतिगृहात त्याशिवाय दुसरं काही मिळालं नाही. रेडिओला सबंध दुपार तोंड बंद ठेवावं लागलं, तो त्या दिवशीचा खरा चमत्कार.

एकेक जण आत जाऊन येत होता आणि नर्सबाई पुन्हा मोजत होत्या. ताई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. "अंगातून वीज गेली," ती शेजारणीला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "हजार हातांत मी महाराजांचा हात ओळखीन!" महाराजांनी लांबूनच मान डोलावली.

आमच्या मुलांनी आकडे संगणकात घातले आणि पडद्यावर टाकले. मी माईक घेतला.

"सुरुवातीला ज्यांचे आकडे सगळ्यांत वर होते, त्यांतल्या महाराजांचा हात लागलेल्यांचं बीपी उतरलं," मी म्हणाले. टाळ्या पडल्या. महाराज उभे राहून वाकले. "त्यांच्यासारखेच वरचे आकडे असलेले, पण महाराजांचा हात न लागलेले. त्यांचंही तितकंच उतरलं."

टाळ्या विरल्या. "मग त्यांना काय लागलं?" कुणीतरी ओरडलं.

रेडिओनं गड्डा डोक्यावर धरून दाखवला. त्याचं तोंड एकदाचं सुटलं. "कोबी! मंडळी, कोबी!"

सभागृहात असा हशा पिकला की नर्सबाईंनाही हसू आवरेना. महाराज लाल झाले. पण माझं संपलं नव्हतं.

"आता खालचे. ज्यांचे आकडे सुरुवातीला सगळ्यांत कमी होते, ज्यांना महाराज एरवी घरी पाठवतात. त्यांतल्या महाराजांचा हात लागलेल्यांचं बीपी चढलं. कोबी लागलेल्यांचंही चढलं."

मग मागून एक आजोबा म्हणाले, "म्हणजे, महाराजांच्या हातानं बीपी वाढतं?" हे तेच आजोबा, ज्यांनी मला बर्फावरून सुनावलं होतं.

"वाढतही नाही आणि उतरतही नाही, आजोबा. तुमचं बीपी दिवसभर वरखाली होत असतं. जिना चढलात, भांडलात, उन्हातून आलात, चढलं. बसलात, उतरलं. नुसतं बसल्या बसल्यासुद्धा हलतं. रांगेतून फक्त त्या घटकेला उंच असलेली माणसं वेचून काढली, तर थोड्या वेळानं त्यांतली बरीचशी खाली येणारच. हात ठेवा, कोबी ठेवा, नाहीतर काही ठेवू नका. आणि खालची माणसं वेचली तर ती वर जाणारच. महाराजांची कला हातात नाही. ती लाल पट्टीत आहे. उतरणारी माणसं आत, चढणारी माणसं घरी. ज्याचं उतरलं त्याला महाराज पावले, आणि ज्याचं मुळातच कमी निघालं त्यालाही महाराजच पावले!"

महाराज उठले. "इथे शंकेच्या लहरी आहेत! शंकेत शक्ती काम करत नाही!"

"पण महाराज, तुम्हीच म्हणता ना, यंत्राला भक्ती कळत नाही?" नर्सबाई म्हणाल्या. "मग त्याला शंका तरी कशी कळली?"

तेवढ्यात ताई उभी राहिली. "मला वीज लागली होती," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "ती तर खरी ना? मी कुठल्या आडोशात होते?"

मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं, चिठ्ठ्या मी वाटल्याच नव्हत्या. मी रेडिओकडे बघितलं, डोळ्यांनी गप्प बस म्हणाले, पण तो कसला गप्प बसतो. "माझ्याकडे होतात, ताई," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्यालाच वाईट वाटलं. गड्डा त्यानं पाठीमागे लपवला.

लोक हसले. सगळेच नाही, पण हसले. माझी ताई तिथे एकटी उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं, माईक टाकावा आणि जाऊन तिला धरावं. मी जागची हलले नाही.

ताईनं हसणाऱ्यांकडे पाहिलंही नाही. ती महाराजांसोबत आलेल्या मापाड्याकडे वळली. तीस वर्षं खिडकीत बसून लोकांची खोटी कारणं ऐकलेली बाई ती. "काय हो," ती म्हणाली, "ही पट्टी तुम्ही पहिल्यापासून बांधता का?"

मापाडी महाराजांकडे बघायला लागला.

"तिकडे नका बघू. मी विचारतेय."

"पहिल्यांदा नव्हती, ताई," मापाडी पुटपुटला. "पहिल्या गावी सगळ्यांनाच आत घ्यायचो. निम्म्यांचं उतरायचं, निम्म्यांचं चढायचं. लोक ओरडायला लागले. मग महाराज म्हणाले, ज्यांचं चढतं ते कोण ते बघ आणि त्यांना घेऊच नकोस."

महाराज त्यानंतर काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही. मागच्या दारानं गेले. डबा विसरले, मापाड्यालाही विसरले. संचालक सरांनी छापून आणलेलं प्रमाणपत्र घडी घालून खिशात कोंबलं.

ताई माझ्याआधीच घरी निघून गेली होती. त्या संध्याकाळी ती खोलीतून बाहेर आली नाही. भाऊजी माझ्याकडे बघत होते आणि मी जमिनीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करत होते तर ती मागे येऊन उभी राहिली.

"चार लोकांत माझी शोभा केलीस."

"चूक झाली, ताई. तुला आधी विश्वासात घ्यायला हवं होतं."

"विश्वासात घेतलं असतंस तर मी आले नसते." ती स्टुलावर बसली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मग इतके दिवस मी कशामुळे बरी होते गं?"

"बरी नव्हतीस, ताई."

तिनं तोंडावर पदर धरला. मी तिला जवळ घेतलं, आणि आम्ही दोघी आईसाठी रडलो त्यानंतर पहिल्यांदाच अशा रडलो. चहा उतू गेला. भाऊजींनी येऊन गॅस बंद केला आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून पाकिटं काढली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ताईला तपासलं, हृदयाची तपासणी केली. त्या रागावल्या नाहीत. "हृदयाची भिंत थोडी जाड झालीय," त्या म्हणाल्या. "एवढ्यावर निभावलं. पाय सुजत होते तर मला सांगायचं ना, गोळी बदलून दिली असती." ताई म्हणाली, "तुम्हाला कधी विचारलंच नाही." गोळी बदलून मिळाली. पाय सुजले नाहीत.

पण ज्या आजोबांनी सभागृहात तो खोचक प्रश्न विचारला होता, त्यांनी गोळ्या सोडून वर्ष झालं होतं. त्याच आठवड्यात त्यांची डावी बाजू गेली. त्यांना सगळं समजलं होतं. समजायला उशीर झाला होता.

वाचकहो, कुणी तुम्हाला आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा दाखवला, आणि मधे आपला हात, आपलं औषध, आपली शिस्त किंवा आपला मंत्र ठेवला, तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा: यातलं काहीच केलं नसतं तर काय झालं असतं? आणि दारातूनच ज्यांना परत पाठवलं, त्यांचं काय झालं? हे विचारायला ना पदवी लागते ना संगणक. उत्तर द्यायला जो कचरतो त्याच्यावर संशय घ्या, तो माझ्यासारखा पदवीवाला असला तरी घ्या. आणि उत्तर मिळेपर्यंत, हात जोडून सांगते, डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका.